हाताच्या मुंग्या मनगटातल्या, मग तळपायाची आग कुठली?

पत्र : मी गंगाखेड तालुक्यातली. वय ४३, वजन ५८ किलो. पाच महिन्यांखाली थायरॉईड निघाला, टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं हार्मोन) ३८ होता. ५० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी चालू आहे. सकाळी चहासोबत कॅल्शियम आणि रक्तवाढीच्या गोळीबरोबरच घेते. तरीही रात्री दोन-तीन वाजता हात मुंग्यांनी भरून येतात, झटकले की जरा बरं वाटतं. तळपायांची आग होते, चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही. उकिडवं बसलं तर उठवत नाही. मानेचा एमआरआय झाला, ‘नस दबली’ म्हणाले. बी १२ ची पाच इंजेक्शनं घेतली आणि सोडली. कोलेस्टेरॉलची गोळीही आहे. घरचे म्हणतात, थायरॉईडची गोळी एकदा लागली की सुटत नाही, बंद कर. माझे हात कायमचे जातील का?

उत्तर : ताई, गोळी बंद करू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुमच्या पत्रात तीन दुखणी आहेत आणि तिन्हींवर ‘थायरॉईडमुळे’ असा एकच शिक्का बसलाय. हातांच्या मुंग्या बहुतेक थायरॉईडच्याच. मांड्यांचा अशक्तपणाही त्यातलाच दिसतो. पण तळपायांची आग थायरॉईडच्या खात्यावर टाकण्याआधी दुसऱ्या तीन-चार गोष्टी तपासून बाद कराव्या लागतात, आणि नेमकं तेच राहून गेलंय. म्हणून हात वेगळा धरा, पाय वेगळा धरा.

आधी हात. तळहात जिथं मनगटाला मिळतो तिथं आत एक अरुंद बोगदा असतो. खाली आणि दोन्ही बाजूंना मनगटाची हाडं, वर जाड, चिवट पट्टा. त्यातून बोटं वाकवणारे ९ स्नायुबंध आणि एक नस जाते. डॉक्टर तिला मीडियन नर्व्ह म्हणतात. थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की कातडीखाली आणि या स्नायुबंधांच्या आवरणात पाणी धरून ठेवणारे चिकट पदार्थ साठतात. चेहरा सुजल्यासारखा दिसतो तो यानंच. नडगीवर बोट दाबून पाहा, साध्या सुजेत पडतो तसा खड्डा या सुजेत पडत नाही. चेहऱ्याला फुगायला जागा आहे. बोगद्याला नाही, म्हणून आतली नस चेपते. झोपेत मनगट मुडपलेलं राहतं, त्यानं आतला दाब आणखी वाढतो, आणि दोन-तीन वाजता जाग येते. हात झटकल्यावर बरं वाटणं ही या दुखण्याची इतकी खास खूण आहे की तेवढ्यावरूनच अनुभवी डॉक्टर मनगटाकडे वळतात.

खात्री तुम्हीही करू शकता. पुढच्या वेळी मुंग्या आल्या की दिवा लावा आणि एकेक बोट चाचपून बघा. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर, पण करंगळी शाबूत असेल, तर दुखणं मनगटातलं. दुसरी परीक्षा दिवसा करा : दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवा, बोटं खाली, कोपरं बाजूला, आणि असं १ मिनिट थांबा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय पक्का होतो. आल्या नाहीत म्हणून दुखणं नाही, असं मात्र नाही. उलट करंगळीच जास्त बधिर असेल तर ती नस वेगळी, ती कोपरामागून जाते. त्याबद्दल पुढे सांगतो.

मानेच्या एमआरआयवर फार जाऊ नका. चाळिशीनंतर मानेच्या चकत्या थोड्याफार सरकलेल्या बहुतेकांच्या फोटोत दिसतात, काही दुखत नसलं तरी. मानेतली नस खरोखर दबली असेल तर कळ मानेतून किंवा खांद्यातून दंडाकडे उतरते आणि मान वळवली की वाढते. तुमच्या पत्रात मान दुखते असं कुठंही नाही. फोटोतली चकती आणि हातातल्या मुंग्या यांचा संबंध डॉक्टरांनी हात लावून, तपासून जोडायचा असतो.

हातासाठी सगळ्यात स्वस्त आणि गुणकारी उपाय म्हणजे रात्री मनगटाला पट्टी. मेडिकलवर ‘रिस्ट स्प्लिंट’ मागा, ज्यात तळहाताच्या बाजूला धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी असते. इथं एक घोटाळा नेहमी होतो. दुकानात जी मिळते तिची धातूची पट्टी बऱ्याचदा वर वळवलेली असते, त्यामुळे मनगट मागं झुकलेलं राहतं. ते फ्रॅक्चरनंतर ठीक; या दुखण्यात मनगट सरळ रेषेत हवं, कारण बोगद्यातला दाब तेव्हाच सगळ्यात कमी असतो. ती धातूची पट्टी स्प्लिंटच्या खिशातून ओढून काढा, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट करा, परत घाला. बांधताना बोटं मोकळी राहिली पाहिजेत आणि पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. घट्ट बांधली तर मुंग्या वाढतात आणि लोक म्हणतात ‘पट्टीनं काही झालं नाही’. रोज रात्री, निदान ६ आठवडे. दिवसभर बांधून ठेवायची गरज नाही, त्यानं हात आखडतो.

कामातही थोडा फेर करा. ओले कपडे पिळणं मनगटाला सगळ्यात वाईट. ते दुसऱ्या कुणावर सोपवा, नाहीतर नळाला अडकवून एका दिशेनं पिळा. भाकरी थापताना चार-पाच झाल्या की थांबून हात मोकळा करा. बधिर बोटांनी तव्यावरची भाकरी उलटू नका, भाजल्याचं उशिरा कळतं, उलथनं वापरा. खुरप्याच्या मुठीला जुनं कापड गुंडाळून ती जाड करा, म्हणजे पकड कमी आवळावी लागेल. कापूस वेचणीच्या दिवसांत त्रास वाढणारच, कारण चिमटीची पकड तासन्‌तास चालते. तेवढ्यानं औषध लागू पडत नाही असं समजू नका.

आता गोळी. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा दोष इथं आहे. थायरॉक्सिनची गोळी आतड्यात शोषली जाण्याच्या बाबतीत फार नाजूक. कॅल्शियम आणि लोह तिला आतड्यातच बांधून टाकतात, चहाही शोषण कमी करतो. तुम्ही तिन्ही एकाच घोटात घेताय. ५० ची गोळी पोटात जातेय, पण रक्तात किती उतरतेय ते सांगता येणार नाही.

शिशी उशाशी ठेवा. उठून तोंड धुतलं की साध्या पाण्याबरोबर गोळी. मग झाडलोट, जनावरांचं, पाणी भरणं. निदान अर्धा तास, जमलं तर तास गेल्यावर चहा. रक्तवाढीची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर, कॅल्शियम रात्रीच्या. थायरॉईडची गोळी आणि या दोन्हींत ४ तासांचं अंतर हवंच, आणि या दोघींनाही एकमेकींबरोबर घेऊ नका. पित्ताचं पातळ औषध घेत असाल तर त्यालाही हेच अंतर. घरी दळणात सोयाबीन मिसळत असाल तर ती भाकरी न्याहारीला नको, दुपारी चालेल. सकाळ कुणाची अगदीच धावपळीची असेल तर गोळी रात्री झोपतानाही घेता येते, पण शेवटचं खाणं होऊन ३ तास झालेले हवेत. आठला जेवून साडेनऊला पाठ टेकणाऱ्या घरात ते जमत नाही, म्हणून तुम्हाला सकाळच सुचवतोय. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका, हे हार्मोन रक्तात निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस घेतं. आठवड्यातून दोन-तीनदा चुकणं मात्र महागात पडतं.

शिशी कुठं ठेवता तेही सांगा घरात सगळ्यांना. ऊन, उजेड आणि ओल यांनी ही गोळी कमजोर होते. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत पत्र्याखालची फळी तापून निघते. चुलीच्या वरचा कोनाडाही नको. आतल्या खोलीतली, भिंतीतली देवळी बरी. गोळ्या मूळ शिशीतच ठेवा, कागदात बांधून नाही.

डोसाचं गणित असं : ग्रंथी फारच कमी काम करत असेल तर पूर्ण भरपाईला वजनाच्या किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. ५८ किलोला म्हणजे ९० च्या आसपास. ५० ही बहुधा सुरुवात होती आणि पुढे कुणी तपासलंच नाही. पण म्हणून स्वतःच्या मनानं दोन गोळ्या घेऊ नका. घेण्याची पद्धत सुधारल्यावर कदाचित तेवढीच पुरेल, आणि जास्त झाली तर छातीत धडधड होते, पुढे हाडं ठिसूळ होतात. आत्ता एकदा टीएसएच आणि फ्री टी ४ (रक्तातलं प्रत्यक्ष थायरॉईडचं हार्मोन) करा, गोळी कशी घेत होतात ते डॉक्टरांना खरं सांगा, पद्धत बदला, आणि ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करा. त्याआधी केलेली तपासणी अर्धवट आकडा दाखवते. रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्या. केसगळतीसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर तपासणीआधी ३ दिवस बंद ठेवा. काही प्रयोगशाळांच्या यंत्रांत तिच्यामुळे टीएसएच खोटा कमी येतो आणि डोस विनाकारण घटवला जातो.

‘एकदा लागली की सुटत नाही’ हे बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं आहे, पण दोष गोळीचा नाही. बहुतेकांत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथी खराब करते. जे बनत नाही ते बाहेरून द्यावं लागतं. आयोडीनचं मीठ वापरा, नुसत्या सैंधवावर राहू नका; पण आयोडीनचे थेंब आणून पिऊ नका, या प्रकारच्या थायरॉईडला त्यानं अपायही होतो.

आता पाय. थायरॉईड दीर्घकाळ कमी राहिला तर लांब नसा खराब होतात, हे खरं आहे. पायाच्या अंगठ्याला जाणीव देणारी नस कंबरेतून निघते, जवळजवळ मीटरभर लांब. तिचं पोषण वरच्या पेशीतून खालपर्यंत वाहून न्यावं लागतं. हार्मोन कमी असलं की पेशींची ऊर्जा कमी, वाहतूक मंद, नसेवरचं आवरणही बिघडतं. आणि फटका आधी सगळ्यात लांबच्या टोकाला, म्हणजे बोटांना आणि तळव्याला बसतो. पण हे निदान शेवटी करायचं असतं. कारण असंच दिसणारी आणि जास्त आढळणारी दुसरी कारणं आहेत. पाच महिने थायरॉईडला दोष देत बसलं तर ती तशीच वाढत राहतात.

पहिलं कारण बी १२. घर शाकाहारी आणि दूध फक्त चहापुरतं असेल तर बी १२ कमी असण्याची शक्यता मोठीच. शिवाय प्रतिकारशक्तीमुळे थायरॉईड बिघडलेल्यांत बी १२ शोषून घेण्याची यंत्रणाही त्याच कारणानं बिघडलेली असू शकते. अशांना खाऊन भागत नाही. तुम्ही पाच इंजेक्शनं घेऊन सोडलीत. आता रक्तात बी १२ मोजलं तर आकडा वर दिसेल, आणि त्यावरून ‘कमी नाही’ असं म्हणता येत नाही. इंजेक्शनांआधीचा रिपोर्ट असेल तर तो शोधा : २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० च्या मधला आकडा संशयाचा. नसल्यास डॉक्टर होमोसिस्टीन (बी १२ कमी असलं की रक्तात वाढणारा पदार्थ) तपासू शकतात, किंवा लक्षणांवरून सरळ पूर्ण कोर्स देतात. नसांचा त्रास असेल तर तो कोर्स पाचावर थांबत नाही; आधी थोड्या थोड्या दिवसांनी, मग महिन्या-दोन महिन्यांनी चालू ठेवावा लागतो. आणि एक बारीक गोष्ट : तुमच्या रक्तवाढीच्या गोळीत लोहाबरोबर बहुधा फॉलिक ॲसिड असेल. बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट चांगला येतो आणि नसा मात्र आतून खराब होत राहतात.

दुसरं कारण साखर. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) दोन्ही करा, ६.५ टक्के किंवा त्यावर एचबीए१सी म्हणजे मधुमेह. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू असलेल्यांनी बी १२ वर जास्तच लक्ष ठेवावं.

तिसरं कारण लाजेनं तपासलं जात नाही : कुष्ठरोग. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर टोचलेलं कळत नाही, घाम येत नाही, किंवा कोपरामागे दोरीसारखी जाड नस हाताला लागते आणि करंगळी बधिर होते, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध मोफत मिळतं, ६ किंवा १२ महिन्यांचं असतं आणि रोग पूर्ण बरा होतो. वेळ घालवला तर गेलेली नस परत येत नाही.

चौथं कारण म्हणजे औषधंच. ‘नसांची ताकद’ म्हणून दिलेल्या गोळीचं वेष्टन वाचा. त्यात पायरिडॉक्सिन म्हणजे बी ६ असतं. ते रोज १०० मिलिग्रॅमच्या पुढे महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानंच पाय बधिर होतात. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच असेल तर बेरीज करा. बाजारात सुटी मिळणारी, वेष्टनावर काहीच न लिहिलेली चूर्णंही बंद करा. त्यांत शिसं, पारा, सोमल (आर्सेनिक) असेल तर तेच नसा जाळतात. आगीसाठी प्रेगाबालिन दिली असेल तर ती त्रास कमी करते, नस दुरुस्त करत नाही. वर पाय सुजणं, वजन वाढणं, गुंगी हे तिचे परिणाम थायरॉईडसारखेच दिसतात. ती मात्र एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

डॉक्टरांकडे गेलात की एक साधी तपासणी करून घ्या. खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरं उभं राहायचं, पावलं मागं लोंबती. टाचेवरच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल झटक्यात खाली जातं. थायरॉईड कमी असेल तर ते जातं झटक्यात, पण परत येतं सावकाश, हे शेजारी उभ्या माणसालाही दिसतं. बी १२ किंवा साखरेमुळे लांब नसा गेल्या असतील तर पाऊल बऱ्याचदा हलतच नाही. एका हातोडीनं एवढा फरक कळतो.

मांड्यांचं दुखणं नसेचं नाही, स्नायूचं आहे. उकिडवं बसून उठता न येणं, जिना चढताना मांड्या भरून येणं, गोळे येणं. यासाठी सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी करा. कोलेस्टेरॉलची गोळी इथंच अडचणीची ठरते : टीएसएच चढलेला असताना कोलेस्टेरॉल आपोआप वाढतं आणि थायरॉईड आटोक्यात आला की बरंचसं उतरतं. पण तोवर स्टॅटिन गटातली गोळी दिली तर आधीच कमजोर स्नायूंना जास्त इजा होऊ शकते. ती थोडे दिवस थांबवायची का, हे पुढच्या भेटीत पहिलं विचारा.

एनसीव्ही म्हणजे नसांच्या वेगाची तपासणी हात आणि पाय दोन्हींची करा. हलके विजेचे झटके देतात, अर्धा-पाऊण तास लागतो. जाताना हातापायाला तेल किंवा मलम लावू नका, बांगड्या-जोडवी काढून ठेवा. हात गार असला तर नसेचा वेग उगाच कमी दिसतो आणि थायरॉईडवाल्यांचे हात गारच असतात. म्हणून थंडीत गेलात तर आधी हातपाय शेकून गरम करायला सांगा, कातडी ३२ अंशांच्या वर हवी. पायांचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी आग खोटी ठरत नाही : आग आणणाऱ्या बारीक नसा या यंत्रात दिसतच नाहीत.

हात कायमचे जातील का? बहुधा नाही, पण वेळेचा हिशेब आधीच समजून घ्या. टीएसएच दोन महिन्यांत खाली येईल, नस तेवढ्यात सुधारणार नाही. नुसतं आवरण चेपलं असेल तर काही आठवड्यांपासून ३ महिन्यांत फरक पडतो. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १५ ते १८ सेंटिमीटर, म्हणजे पाच-सहा महिने. पावलाला त्याहून जास्त. दोन महिन्यांत हात सुधारले नाहीत म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ जण नेमके सुधारणा सुरू व्हायच्या वेळेला सोडतात.

एका बाबतीत मात्र थांबू नका. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो तो दोन्ही हातांचा शेजारी शेजारी धरून बघा. एका बाजूला सपाट झाला असेल, सुई-दोरा किंवा पोलक्याचं बटण चिमटीत धरवत नसेल, किंवा बधिरपणा आता दिवसरात्र असेल, तर टीएसएच उतरायची वाट न पाहता हाडांच्या किंवा हाताच्या सर्जनला दाखवा. वरचा पट्टा कापून नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया जागेवरच भूल देऊन होते. तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नाहीतर नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. उंचवटा पूर्ण वाळल्यावर शस्त्रक्रिया झाली तर मुंग्या जातात, ताकद पूर्ण येईलच असं नाही. मनगटात स्टिरॉईडचं एक इंजेक्शन हा मधला मार्ग आहे. मधुमेह निघाला तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते हे लक्षात ठेवा.

पाय बधिर आहेत तोवर रानात बंद बूट घाला. पऱ्हाटीचे आणि तुरीचे खुंट चपलेतून आत जातात आणि रक्त दिसेपर्यंत कळत नाही. रोज रात्री तळवे उजेडात बघा. पाय शेकायला गरम पाण्यात टाकण्याआधी पाणी कोपरानं तपासा.

आणि पायांतला अशक्तपणा दोन-चार दिवसांत वर चढत गेला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, लघवी चहासारखी गडद झाली, किंवा एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर यातलं काहीच थायरॉईडचं समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची वेष्टनं बरोबर न्या.